मेलाटोनिन आणि लठ्ठपणा : प्रयोगशाळेतील प्राण्यांवरील संशोधन

मेलाटोनिन हे पिनिअल ग्रंथीतून रात्रीच्या अंधारात स्रवणारे संप्रेरक आहे. झोपेच्या गोळीतला घटक म्हणून ते बहुतेकांना ठाऊक असते. परंतु शरीराचे वजन, चरबीचा साठा आणि इन्सुलिनचे कार्य यांच्याशी असलेला त्याचा संबंध प्राण्यांवरील प्रयोगांतून गेली कित्येक दशके तपासला जात आहे. हॅम्स्टर, रॅट म्हणजे मोठा पांढरा उंदीर आणि माउस म्हणजे छोटा उंदीर हे या संशोधनातले मुख्य प्राणी. मोठ्या उंदरांना बाहेरून मेलाटोनिन दिले असता वजनवाढ मंदावते आणि पोटातली चरबी घटते, असे अनेक प्रयोगांत आढळले आहे. तरीही मेलाटोनिन हे चरबी जाळणारे औषध नव्हे. रात्र झाली आणि ती किती लांब आहे, एवढेच ते शरीराला कळवते. त्या निरोपावर शरीराने काय करायचे, हे प्राण्याची जात, त्याचे वय, निरोप पोहोचण्याची वेळ आणि मात्रा यांवर ठरते.

मेलाटोनिनची निर्मिती

पिनिअल ग्रंथीच्या अर्कामुळे बेडकाच्या पिल्लांची त्वचा फिकी पडते, असे केअरी मॅकॉर्ड आणि फ्लॉइड अॅलन यांनी १९१७ मध्ये दाखवले होते. त्यामागचा पदार्थ हाती यायला चार दशके लागली. येल विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञ आरन लर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये गुरांच्या हजारो पिनिअल ग्रंथींमधून तो वेगळा काढला.

ट्रिप्टोफॅन या अन्नातून मिळणाऱ्या अमिनो आम्लापासून आधी सेरोटोनिन आणि मग त्यापासून मेलाटोनिन तयार होते. या निर्मितीची वेळ मेंदूतले मुख्य घड्याळ ठरवते. हे घड्याळ म्हणजे हायपोथॅलॅमसमधील सुप्राकायझमॅटिक केंद्रक. डोळ्यातल्या दृष्टिपटलाकडून त्याला उजेडाची बातमी मिळते. तिथून निघालेला संदेश पाठीच्या कण्यात उतरतो, मानेतल्या अनुकंपी चेतागुच्छापर्यंत जातो आणि परत वर येऊन पिनिअल ग्रंथीत पोहोचतो. रात्री या चेतातंतूंच्या टोकांतून नॉरएपिनेफ्रिन स्रवते आणि मेलाटोनिनची निर्मिती वेगाने सुरू होते. डोळ्यांवर प्रखर उजेड पडला की ती थांबते.

ग्रंथीत मेलाटोनिनचा साठा होत नाही. तयार झालेले लगेच रक्तात उतरते. यकृत त्याचे झपाट्याने विघटन करते, त्यामुळे माणसाच्या रक्तातली त्याची पातळी सुमारे पाऊण तासात निम्म्यावर येते. म्हणून रक्तात मेलाटोनिन किती वेळ चढलेले राहते, यावरून रात्रीची लांबी शरीराला कळते. दिवसा जागणारा माणूस असो वा रात्री हिंडणारा उंदीर, दोघांतही ते रात्रीच स्रवते. उंदराच्या बाबतीत ती खाण्याची आणि धावपळीची वेळ असते, तर माणसाच्या बाबतीत उपवासाची आणि झोपेची. प्राण्यांवरील निष्कर्ष माणसाला लावताना हा फरक सतत ध्यानात ठेवावा लागतो.

हॅम्स्टर आणि ऋतूंप्रमाणे बदलणारे वजन

वजनाशी असलेले मेलाटोनिनचे नाते सर्वांत स्पष्टपणे दिसते ते ऋतुमानाप्रमाणे देह बदलणाऱ्या प्राण्यांत. रॉजर हॉफमन आणि रसेल रायटर यांनी १९६५ मध्ये हॅम्स्टरवर केलेला प्रयोग या वाटेवरचा पहिला मोठा टप्पा होता. दिवस लहान झाले की हॅम्स्टरची जननग्रंथी आक्रसते. पिनिअल ग्रंथी काढून टाकलेल्या हॅम्स्टरमध्ये मात्र असे घडले नाही. ऋतूची खबर याच ग्रंथीमार्फत शरीरात पसरते, हे त्यातून सिद्ध झाले. पुढे चरबीच्या बाबतीतही तोच मार्ग दिसून आला.

सैबेरियन हॅम्स्टर हा मुठीत मावेल एवढा प्राणी. प्रयोगशाळेत त्याला पोटभर अन्न आणि उबदार जागा दिली, पण दिव्यांच्या वेळा बदलून दिवस लहान केले, तर काही आठवड्यांत त्याचे वजन उतरू लागते. ही घट ३० ते ४० टक्क्यांपर्यंत पोहोचू शकते आणि तिचा मोठा भाग चरबीचा असतो. हिवाळ्यात अन्न दुर्मीळ असते, तेव्हा लहान देह पोसायला कमी अन्न लागते. लांब रात्रीचे मेलाटोनिन या प्राण्याला देह आटोपशीर करण्याची सूचना देते.

ही सूचना नेमकी कशात असते, याचे उत्तर कार्टर आणि गोल्डमन यांनी १९८३ मध्ये दिले. त्यांनी पिनिअल ग्रंथी काढलेल्या हॅम्स्टरच्या त्वचेखाली बारीक नळी बसवून रोज ठरावीक तास मेलाटोनिन सोडले. रोज थोडेच तास मेलाटोनिन मिळालेल्या प्राण्यांचे शरीर उन्हाळ्यासारखे राहिले. जास्त तास मिळालेल्यांचे हिवाळ्यासारखे झाले. ग्रंथी दोन्ही गटांत नव्हती. फरक होता तो मेलाटोनिन किती वेळ मिळाले याचा. हा मूळ प्रयोग जननग्रंथींवर होता. त्यानंतरच्या प्रयोगांत शरीराचे वजन आणि चरबी यांनाही असाच नियम लागू असल्याचे दिसले.

सीरियन हॅम्स्टरची गोष्ट याच्या अगदी उलट. टिमोथी बार्टनेस आणि जॉर्ज वेड यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, लहान दिवसांत ठेवलेल्या किंवा मेलाटोनिन दिलेल्या सीरियन हॅम्स्टरचे वजन वाढते. हा प्राणी थंडीत शीतनिद्रेत जातो आणि त्यासाठी त्याला देहात शिधा हवा असतो. तेच संप्रेरक, त्याच लांब रात्रीची तीच वर्दी. पण एका जातीत चरबी उतरते आणि दुसऱ्या जातीत चढते. मेलाटोनिन स्वतः चरबीचा शत्रूही नाही आणि मित्रही नाही, याचा यापेक्षा ठळक पुरावा मिळणे कठीण.

मध्यमवयीन उंदरांवरील प्रयोग

मोठा उंदीर हा ऋतूप्रमाणे फारसा बदलत नाही. त्यामुळे त्याच्या वजनावर मेलाटोनिनचा काही परिणाम होतो का, हा स्वतंत्र प्रश्न होता. वय वाढते तसे माणसात आणि उंदरांत रात्रीचे मेलाटोनिन कमी होत जाते. त्याच काळात पोटातली चरबी आणि रक्तातले इन्सुलिन व लेप्टिन वाढत जातात. लेप्टिन हे चरबीच्या पेशींतून स्रवणारे संप्रेरक असून चरबी जितकी जास्त तितके ते जास्त असते. या दोन घटनांत काही संबंध आहे का, हे अमेरिकेतील सिअॅटल येथे डेनिस रासमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले.

त्यांच्या गटाने २००० मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग जवळून पाहण्यासारखा आहे. मध्यमवयीन नर उंदरांच्या पिण्याच्या पाण्यात दर मिलिलिटरला ०.४ मायक्रोग्रॅम मेलाटोनिन मिसळण्यात आले. उंदीर मुख्यतः रात्रीच पाणी पितात. त्यामुळे संप्रेरक आपोआप योग्य वेळी पोटात गेले. १२ आठवड्यांनंतर या उंदरांचे वजन साध्या पाण्यावरच्या उंदरांपेक्षा ७ टक्के कमी होते. पोटातली चरबी १६ टक्के, लेप्टिन ३३ टक्के आणि इन्सुलिन २५ टक्के कमी होते. उलट त्यांची हालचाल १९ टक्के अधिक होती आणि शरीराचे तापमान ०.५ अंश सेल्सिअसने जास्त होते. त्यांनी खाल्लेले अन्न मात्र तेवढेच होते. शरीरातली एकूण चरबीही बदलली नव्हती. घटली ती पोटातली, म्हणजे मधुमेह आणि हृदयविकाराशी जास्त निगडित असलेली चरबी.

मग संशोधकांनी दोन्ही गटांची अदलाबदल केली. मेलाटोनिनवर असलेल्या उंदरांना साधे पाणी दिले, तेव्हा त्यांचे वजन वाढले; साध्या पाण्यावर असलेल्यांना मेलाटोनिन दिले, तेव्हा त्यांचे वजन घटले. या पुढच्या १२ आठवड्यांतही खाण्यात फरक पडला नाही. परिणाम मेलाटोनिनचाच आहे आणि ते बंद केल्यावर तो टिकत नाही, या दोन्ही गोष्टी एकाच प्रयोगातून स्पष्ट झाल्या.

आहारातून आणि जनुकांतून येणारा लठ्ठपणा

लठ्ठपणाच्या अभ्यासात उंदरांना लठ्ठ करण्याचे दोन मार्ग रूढ आहेत. पहिला मार्ग आहाराचा. नेहमीच्या खाद्याऐवजी निम्मे किंवा त्याहून अधिक उष्मांक चरबीतून येतील असे खाद्य दिले की काही आठवड्यांत उंदीर लठ्ठ होतो आणि इन्सुलिनला दाद देईनासा होतो. फ्रान्समधील संशोधकांनी २००३ मध्ये अशा उंदरांना दिवे मालवण्यापूर्वी शरीराच्या दर किलोमागे ३० मिलिग्रॅम मेलाटोनिन तीन आठवडे दिले. त्यांची वजनवाढ इतर उंदरांच्या मानाने जवळपास निम्मी झाली. येथे मेलाटोनिनने वजन उतरवले असे म्हणण्यापेक्षा वाढणाऱ्या वजनाला आवर घातला, असे म्हणणे अधिक अचूक. चरबीयुक्त आहारावरच्या प्रयोगांत हेच चित्र पुन्हा पुन्हा दिसते.

दुसरा मार्ग जनुकांचा. लोइस आणि थिओडोर झुकर यांनी १९६१ मध्ये वर्णन केलेल्या उंदरांच्या वाणात लेप्टिनला प्रतिसाद देणारा ग्राही सदोष असतो. चरबी साठली आहे हे मेंदूला कळतच नाही आणि उंदीर सतत खात राहतो. या वाणापासून पुढे मधुमेही उंदरांचाही वाण निपजवण्यात आला. स्पेनमधील ग्रानाडा विद्यापीठातील अहमद आगिल यांच्या गटाने अशा उंदरांना पाण्यातून रोज दर किलोला १० मिलिग्रॅम मेलाटोनिन सहा आठवडे दिले. अन्नाचे प्रमाण न बदलताही त्यांची वजनवाढ कमी झाली आणि रक्तातल्या मेदाचे प्रमाण सुधारले. २०१३ मध्ये याच गटाने असे दाखवले की जांघेजवळच्या पांढऱ्या चरबीत तपकिरी छटेचे ठिपके वाढले होते आणि तिथे उष्णता निर्माण करणारी प्रथिने अधिक प्रमाणात आढळली.

परिणाम कसा घडतो

खाणे तेवढेच आणि वजन कमी, तर ऊर्जा कुठे जाते? याचे एक उत्तर तपकिरी चरबीत आहे. पांढरी चरबी ऊर्जा साठवते. तपकिरी चरबी ती खर्च करते. तपकिरी चरबीच्या पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियांमध्ये यूसीपी-१ नावाचे प्रथिन असते. त्याच्यामुळे अन्नातून मिळालेली ऊर्जा पेशीच्या कामासाठी न साठवता थेट उष्णतेच्या रूपात बाहेर पडते. मेलाटोनिनमुळे सैबेरियन हॅम्स्टरची तपकिरी चरबी वाढते, हे गेरहार्ड हेल्डमायर आणि क्लाउस हॉफमन यांनी १९७४ मध्येच दाखवले होते. सिअॅटलच्या उंदरांचे वाढलेले तापमान आणि ग्रानाडाच्या उंदरांमधली तपकिरी छटा यांची संगती याच्याशी लागते.

दुसरा दुवा चेतासंस्थेचा. मेलाटोनिनला प्रतिसाद देणारे एमटी-१ आणि एमटी-२ हे दोन ग्राही मेंदूत आणि इतर अनेक अवयवांत आढळतात. बार्टनेस यांच्या गटाने सैबेरियन हॅम्स्टरमध्ये असे दाखवले की पांढऱ्या चरबीकडे जाणाऱ्या अनुकंपी चेतामार्गातील मेंदूतल्या पेशींवर मेलाटोनिनचे ग्राही असतात. म्हणजे मेलाटोनिन चरबीच्या पेशींना स्वतः विरघळवत नाही. मेंदूमार्फत चेतांना हुकूम जातो आणि त्या चेता चरबी सोडवतात.

तिसरा दुवा इन्सुलिनचा. मोठ्या उंदरांची पिनिअल ग्रंथी काढली की त्यांची साखर सहन करण्याची क्षमता घटते आणि चरबीच्या पेशी इन्सुलिनला कमी प्रतिसाद देतात. साखर पेशीत आत घेणारे ग्लुट-४ हे वाहक प्रथिनही कमी होते. ब्राझीलमधील साओ पाउलो विद्यापीठातील जोझे सिपोला-नेटो यांच्या गटाने या विषयावर दीर्घकाळ काम केले आहे. ग्रंथी काढलेल्या प्राण्यांना रात्री मेलाटोनिन दिल्यास बिघाड बऱ्याच अंशी भरून निघतो. २०१३ मध्ये ब्राझीलमधल्याच एका अभ्यासात म्हाताऱ्या लठ्ठ उंदरांत मेलाटोनिनमुळे इन्सुलिनचे कार्य सुधारले आणि ही सुधारणा वजन घटण्यावर अवलंबून नव्हती. त्यामुळे मेलाटोनिनचा लाभ केवळ तराजूवर मोजणे अपुरे ठरते.

हा परिणाम पुढच्या पिढीपर्यंतही पोहोचतो. ब्राझीलमधील एका संशोधनात, २०१२ मध्ये, पिनिअल ग्रंथी काढलेल्या माद्यांची पिल्ले मोठी झाल्यावर साखर नीट हाताळू शकत नव्हती. आईला गर्भारपणात आणि दूध पाजण्याच्या काळात मेलाटोनिन दिले तेव्हा पिल्लांत हा दोष दिसला नाही.

चौथा दुवा आतड्यातल्या जिवाणूंचा. चीनमधील संशोधकांनी २०१७ मध्ये चरबीयुक्त आहारावरच्या छोट्या उंदरांना मेलाटोनिन दिले तेव्हा वजनवाढ कमी झाली आणि आतड्यातल्या जिवाणूंच्या गटांचे प्रमाण बदलले. याखेरीज मेलाटोनिन ऑक्सिडीकरणाला आळा घालते आणि चरबीत सुरू असलेला दाह कमी करते.

रात्रीचा उजेड

बाहेरून मेलाटोनिन देण्याच्या प्रयोगांना जोडूनच रात्रीच्या उजेडाचा प्रश्न येतो. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात लॉरा फॉन्केन आणि रँडी नेल्सन यांच्या गटाने छोट्या उंदरांना रात्रभर मंद उजेडात ठेवले. उजेड फक्त ५ लक्स होता. आठ आठवड्यांत या उंदरांचे वजन काळोख्या रात्री मिळालेल्या उंदरांपेक्षा जास्त वाढले, जरी दोघांनी खाल्लेले अन्न आणि केलेली हालचाल सारखीच होती. फरक होता खाण्याच्या वेळेत. मंद उजेडातले उंदीर निम्म्याहून अधिक अन्न दिवसा खात होते, म्हणजे एरवीच्या त्यांच्या विश्रांतीच्या काळात. अन्न फक्त रात्रीच्या वेळी ठेवले, तेव्हा जादा वजनवाढ झाली नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने वेळेचे महत्त्व ठसवले. पण त्यातली सारी वजनवाढ मेलाटोनिनच्या अभावाने झाली, असे त्यावरून म्हणता येत नाही.

निष्कर्ष वाचताना घ्यायची काळजी

या संशोधनातला सर्वांत मोठा पेच छोट्या उंदरांच्या वाणांत आहे. जगभरच्या प्रयोगशाळांत सर्वाधिक वापरला जाणारा सी-५७-ब्लॅक-६ हा वाण मेलाटोनिन जवळजवळ तयारच करत नाही. ते तयार करणारी विकरे या वाणात जनुकीय कारणाने सदोष असल्याचे एबिहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखवले. सी-३-एच सारख्या वाणांत मात्र रात्रीचे मेलाटोनिन स्रवते. त्यामुळे ब्लॅक-६ उंदरांना दिलेले मेलाटोनिन हे 'पूरक' म्हणवत नाही. त्या शरीराला अपरिचित असलेले संप्रेरक बाहेरून आलेले असते.

दुसरी काळजी मात्रेची. सिअॅटलच्या उंदरांच्या पोटात दिवसाकाठी काही मायक्रोग्रॅम मेलाटोनिन गेले. फ्रान्समधील प्रयोगात मात्रा शेकडो ते हजारपटीने मोठी होती. पृष्ठभागाच्या प्रमाणात मात्रा बदलण्याच्या रूढ पद्धतीनुसार उंदराच्या दर किलोच्या मात्रेला सुमारे ६.२ ने भागले की माणसाची मात्रा मिळते. या हिशेबाने ग्रानाडातली १० मिलिग्रॅमची मात्रा ६० किलो वजनाच्या माणसासाठी रोज सुमारे १०० मिलिग्रॅम होते. झोपेसाठी दिल्या जाणाऱ्या गोळीत बहुधा ३ ते ५ मिलिग्रॅम असतात. इतक्या मोठ्या मात्रेत मेलाटोनिन रात्रीचा संकेत म्हणून काम करते की ऑक्सिडीकरणरोधक रसायन म्हणून, हे वेगळे करून पाहावे लागते.

तिसरी काळजी वेळेची. निरोप रात्रीचा असेल तर तो रात्रीच पोहोचायला हवा. म्हणून चांगल्या प्रयोगांत मेलाटोनिन दिवे मालवण्याच्या सुमारास किंवा रात्री प्यायल्या जाणाऱ्या पाण्यातून दिले जाते. दिवसा दिलेल्या मात्रेचे निष्कर्ष यांच्याबरोबर एकत्र मोजता येत नाहीत. चौथी गोष्ट, बरेच प्रयोग नर प्राण्यांवर आणि काही आठवड्यांपुरतेच झालेले आहेत.

माणसाच्या बाबतीत

माणसांवरचे पुरावे यापेक्षा पुष्कळ तोकडे आहेत. डेन्मार्कमध्ये पाळी थांबलेल्या ८१ स्त्रियांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काहींना वर्षभर रोज १ किंवा ३ मिलिग्रॅम मेलाटोनिन आणि इतरांना निर्गुण गोळी देण्यात आली. मेलाटोनिन घेणाऱ्यांच्या शरीरातली चरबी निर्गुण गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ७ टक्क्यांनी कमी झाली. वजन मात्र जवळपास तेवढेच राहिले. दुसरीकडे, स्पेनमधील मुर्सिया येथील मार्ता गाराउलेट यांच्या गटाने २०१४ मध्ये तरुण स्त्रियांना ५ मिलिग्रॅम मेलाटोनिन देऊन लगेच साखर पाजली, तेव्हा सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा रक्तातली साखर नेहमीपेक्षा जास्त चढली. २००९ मध्ये एमटी-२ ग्राहीच्या जनुकातल्या एका सामान्य बदलाचा संबंध टाइप-२ मधुमेहाच्या वाढीव धोक्याशी असल्याचेही आढळले. माणसाच्या शरीरात मेलाटोनिन उपवासाच्या काळाशी जोडलेले आहे; भोजनाच्या वेळी ते वाढलेले असणे त्याला मानवत नाही. उंदरावर गुणकारी ठरलेली रात्रीची मात्रा माणसाने जेवणाबरोबर घेतली तर परिणाम उलटाही होऊ शकतो, असा याचा अर्थ.

एकूण पाहता, मोठ्या उंदरांमध्ये रात्री दिलेले मेलाटोनिन खाणे न घटवता वजनवाढ आणि पोटातली चरबी मर्यादित प्रमाणात कमी करते, इन्सुलिनचे कार्य सुधारते आणि तपकिरी चरबीला चालना देते, असा बऱ्यापैकी सुसंगत पुरावा आहे. हॅम्स्टरच्या दोन जातींत मात्र त्याचा परिणाम परस्परविरुद्ध होतो, सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या छोट्या उंदरांत ते मुळातच जवळजवळ नसते आणि माणसात त्याचा जेवणाशी मेळ बसत नाही. म्हणून लठ्ठपणावरच्या उपायांचा विचार करताना मेलाटोनिनची गोळी हा पहिला धडा ठरत नाही. प्राण्यांवरील संशोधनातून पक्का निघालेला धडा असा की अंधारी रात्र, नियमित झोप आणि जेवणाची ठरलेली वेळ या गोष्टींना चयापचयाच्या आरोग्यात खाण्याच्या प्रमाणाइतकेच स्थान द्यायला हवे.